पायाशी मराठी, वर ५७ फूट दगड

मिरजमळा

आईला कर्नाटकात श्रवणबेळगोळला, बाहुबलीच्या मूर्तीपाशी न्यायचं तीन वर्षं घाटत होतं, ते या जानेवारीत जमलं. चन्नरायपट्टणहून पहिल्या बसने पोचलो तेव्हा कल्याणी तळ्यावर अजून धुकं होतं. विंध्यगिरीच्या पायऱ्या साडेसहाशेच्या आसपास, आणि त्या बांधीव नाहीत, डोंगराच्या अंगातच खोदलेल्या आहेत. चपला खाली ठेवायच्या. सकाळचा तो ग्रॅनाइट तळपायाला बर्फासारखा लागतो. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखरे, पण डोलीला नाही म्हणाली. कठड्याला धरून, बसत-उठत दीड तासात वर आली.

खालून मूर्तीचं डोकं आणि खांदे तटाच्या वर दिसतात, त्यामुळे वाटतं आपल्याला आकाराचा अंदाज आला. तो आलेला नसतो. शेवटच्या दारातून अंगणात पाऊल टाकलं की नजर आधी गुडघ्यांवर जाते, मग मान मागे टाकत टाकत चेहऱ्यापर्यंत पोचावं लागतं. उंची ५७ फूट, खांद्यांची रुंदी २६ फूट, एकेक पाऊल ९ फुटांचं. इ.स. ९८१ च्या सुमारास गंग राजा राचमल्ल याचा मंत्री आणि सेनापती चावुण्डराय याने हे काम करवून घेतलं. मूर्ती कुठून आणून उभी केलेली नाही. डोंगरमाथ्यावरचा खडकच चारी बाजूंनी उतरवत नेला आणि जो राहिला तो बाहुबली.

जैन कथेत भरत आणि बाहुबली या भावांचं राज्यावरून द्वंद्व झालं, बाहुबलीने जिंकत आलेलं सगळं त्या क्षणी सोडलं आणि उभ्यानेच ध्यानाला लागला. किती काळ उभा राहिला ते दगडात कोरून दाखवलंय. पायांशी वारुळं चढलीत, त्यांतून साप डोकी काढतायत, माधवीचा वेल मांड्यांवरून वर जाऊन दंडांना वेढे घालतोय. पानन् पान वेगळं दिसतं.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ते. पायांच्या दोन्ही बाजूंना वारुळाच्या दगडावर ओळी कोरल्यात. एका बाजूला कन्नड आणि तमिळ. दुसऱ्या बाजूला नागरीत आपली मराठी: "श्रीचावुण्डराजें करवियलें". तिच्याखाली: "श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें". गाइड तिथे थांबलाच नाही, पण मी वाचून गेले होते म्हणून आम्ही थांबलो. आईने चष्मा पुसला आणि कठड्याच्या अलीकडून एकेक अक्षर लावायला लागली. श्री लगेच लागलं, राजें लागलं. बाकीचं मी सांगितल्यावर तिने तीनदा मोठ्याने म्हटलं. मग म्हणाली, "करवियलें म्हणजे करवून घेतलं. पण केलं कोणी?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन भाषांत कोरून ठेवलं, आणि तिन्हींत नाव करवून घेणाऱ्याचंच. ज्याने तो ओठांचा कोपरा काढला, त्याचं नाव त्या ओळींत नाही.

इथे दगडातली, धातूतली माणसं आहेत, प्रवास केलेली आहेत. एवढ्या मोठ्या मूर्ती प्रत्यक्षात कशा घडत असतील? सुरुवात कुठून करत असतील? तुम्ही जवळून पाहिलेल्या महाकाय मूर्तींबद्दल लिहा.

वारणाकाठ

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या घरातून तीन पिढ्या बेळगोळला जातात. १९८१ साली मूर्तीला हजार वर्षं झाली त्या अभिषेकाला आजोबा होते. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती, ते त्यांनी आम्हाला शंभरदा तरी सांगितलं असेल. मी गेलो २०१८ च्या फेब्रुवारीत.

महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. मूर्तीमागे उंच मचाण उभारतात आणि डोक्यावरून कलश ओततात. आधी पाणी, मग नारळाचं पाणी, उसाचा रस, दूध, तांदळाचं पीठ, हळद, चंदन, केशर, शेवटी फुलं. टीव्हीवर नुसते रंग दिसतात. तिथे उभं राहिलं की दिसतं ते वेगळं. दूध डोक्यावरच्या कुरळ्या केसांत आधी जिरल्यासारखं होतं, मग कपाळावरून पडदा खाली येतो, नाकाच्या शेंड्यावरून धार सुटते आणि छातीवर तिचे दोन ओघ होतात. हळदीच्या वेळी तर मूर्ती सोन्याची होते. ज्याने घडवली त्याला पाणी कुठून कसं वाहील ते ठाऊक असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

गुळ्ळकायज्जीची गोष्टही इथे हवी. चावुण्डरायाने घागरीच्या घागरी दूध ओतलं तरी ते मांड्यांच्या खाली उतरेना. मग एका म्हातारीने फळाच्या करवंटीतून आणलेलं ओंजळभर दूध ओतलं, ते पायांपर्यंत आलं आणि डोंगरावरून ओघळलं. त्या आजीची उभी मूर्ती मंदिराच्या दाराशी आहे. तिच्याकडे पाहिल्याशिवाय आमच्या घरातलं कोणी आत जात नाही.

ज्यांना एवढ्या लांब जमत नाही त्यांनी कुंभोजला जावं, हातकणंगले तालुक्यात. तिथला बाहुबली संगमरवरी, २८ फुटांचा, १९६३ चा. पांढरा दगड, काळे ढग आणि खाली उसाची रानं. श्रावणात जाऊन बघा.

शिळा_आणि_शाई

लेख मनापासून आवडला. दोन गोष्टींची भर घालतो, त्यातली एक थोडी कडू लागेल.

"श्रीचावुण्डराजें करवियलें" ही मराठीतली आद्य ओळ, इ.स. ९८३ ची, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण दुसरी ओळ नीट बघा. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीची ओवऱ्यांची भिंत, ती त्याने बांधवली. आता दोन्ही मराठी ओळींचं अक्षरवळण सारखं आहे. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की गंगराजाने आपली ओळ कोरवताना चावुण्डरायाचीही नागरीत कोरवली, म्हणजे दोन्ही इ.स. १११६-१७ च्या सुमाराच्या. मला हे पटतं. मग पहिलेपणाचा मान अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाकडे जातो, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२. त्यानंतर सोलापूरजवळ कुडलचा, शके ९४० चा.

काहींना यात तोटा वाटतो. मला उलट वाटतं. कर्नाटकातल्या जैन क्षेत्री कन्नड सेनापतीला सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही वाटलं की इथे मराठी बोलणारे यात्रेकरू येतात, त्यांना वाचता येईल असं काहीतरी असावं. पहिलं असण्यापेक्षा हे मोठं आहे.

दुसरं, तुमच्या आईंच्या प्रश्नाबद्दल. कारागिरांची नावं कोरायची पद्धतच नव्हती असं नाही. बेळगोळहून बेलूर जवळ आहे. तिथलं चेन्नकेशव मंदिर १११७ चं, म्हणजे गंगराजाच्याच काळातलं. तिथे बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी आपापल्या शिल्पांखाली नावं घातली आहेत. बाहुबलीच्या पायाशी मात्र आश्रयदातेच आहेत.

मिरजमळा

शिळा_आणि_शाई, धन्यवाद. आत्ता फोनवरचे फोटो मोठे करून पाहिले. दोन्ही ओळींतला "करवियलें" एकाच हाताचा वाटतो, तुम्ही म्हणता तसा. आईला सांगितलं. ती म्हणाली, मग त्याने दुसऱ्याचं नाव आधी घातलं आणि आपलं खाली, हे चांगलंच की.

टाकीचा_घाव

माझे आजोबा पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, देवळाच्या पायऱ्या, नंदी, सगळं करायचे. सातवीपर्यंत सुट्टीत मी त्यांच्याकडे भात्यावर बसलोय. त्यावरून जे कळतं ते लिहितो.

सुरुवात वरून. यात दुसरा पर्यायच नाही. खालचं आधी घडवलं तर वरचे ढलपे घडलेल्या अंगावर पडतील. शिवाय वरून उतरत गेलं की ज्या खडकाला अजून हात लागलेला नाही तोच उभं राहायला ओटा होतो, वेगळी परांची फारशी लागत नाही. म्हणजे बाहुबलीचे केस आणि डोळे आधी झाले, पायाची बोटं सगळ्यांत शेवटी. विचार करा, पहिल्या महिन्यात डोक्याचा माथा ठरवताना ५७ फूट खाली टाच कुठे येणार ते ठरलेलं असलं पाहिजे. चुकलेलं पुन्हा चिकटवता येत नाही.

गुडघ्याखाली पाय अंगाच्या मानाने थोडे आखूड वाटतात, हे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. माझा आपला अंदाज, खाली उतरता उतरता चांगला दगड जिथे संपला तिथे पावलं घेतली. आणि ती वारुळं नुसती गोष्टीपुरती नाहीत. मांड्यांपर्यंत मूर्तीला पाठीमागून आणि बाजूने दगडाचा आधार आहे, त्याच्या वर ती पूर्ण मोकळी उभी आहे. वारूळ आणि वेल यांच्या रूपाने तो आधार लपवलाय. पाय सुटे काढले असते तर एवढं धड घोट्यांवर हजार वर्षं उभं राहिलं नसतं.

ग्रॅनाइट टाकीला फार लवकर बोथट करतो. आजोबा काळ्या दगडावर काम करायचे तरी रोज संध्याकाळी टाक्यांचा ढीग शेवटायला बसायचे. तोंड लाल करायचं, ठोकून काढायचं, मग पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर टोक काचेसारखं तुटतं, कमी झालं तर दगडावर वळतं. तेव्हा आईंना सांगा, "केलं कोणी" याच्या उत्तरात लोहार पण धरायचे. डोंगरावर जितके घडवणारे असतील त्यांच्या खालोखाल भाते चालू असणार.

आजोबांचं नावही एका नंदीवर नाही. गावात मात्र सगळ्यांना माहीत आहे तो कोणी केला.

निळेपाणी

टाकीचा_घाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक आठवलं. ईस्टर बेटावर जे मोआई म्हणजे महाकाय दगडी पुतळे आहेत, त्यांच्या खाणीत रानो राराकूला पावणेचारशे-चारशे पुतळे निरनिराळ्या टप्प्यांवर तसेच पडून आहेत. त्यातला सगळ्यांत मोठा २१ मीटरचा, डोंगरापासून सुटलाच नाही. त्यांची पद्धत अगदी उलटी. पुतळा उताणा झोपलेला कोरायचा, पाठीखाली दगडाची एक कड ठेवायची, आणि ती शेवटी तोडून तो घसरत खाली न्यायचा. दगड ज्वालामुखीच्या राखेचा बनलेला, मऊ, म्हणून दगडी हत्यारानेच चालायचं. त्या हत्याराचं नाव तोकी. आपल्या टाकीशी नातं काही नाही, पण वाचताना बरं वाटलं.

देशावरचा

एक शंका. आपल्याकडे वेरूळ, घारापुरी, अजिंठा एवढं मोठं काम झालं, मग असा मोकळा उभा पुतळा का नाही? घारापुरीची त्रिमूर्ती १८-२० फुटांच्या आसपास, अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध २४ फूट लांब पण आडवा. आपले कारागीर कमी नक्कीच नव्हते.

दख्खनचा_दगड

देशावरचा, दगडच वेगळा. बेळगोळचा डोंगर म्हणजे ग्रॅनाइटचा एक अखंड घुमट, उघडा, वर माती नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. एकावर एक थर, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, कुठे पोकळ्या, कुठे उभ्या भेगा. असा दगड आत शिरून कोरायला उत्तम, कारण वरचा थर छताचं काम करतो. पण ५०-६० फूट उंचीचा, एकही सांधा नसलेला, चारी बाजूंनी मोकळा तुकडा हवा तर शोधत फिरावं लागेल. म्हणून आपल्या लोकांनी मोकळं काढलं ते कैलास, अख्खं देऊळ. तेही वरून खाली, टाकीचा_घाव म्हणतात तसंच.

अपवाद आता झालाय. बागलाणात मांगीतुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती डोंगरातच कोरली, २०१६ मध्ये पूर्ण झाली. मी पाहिली आहे. पाठ डोंगराला जोडलेली ठेवली आहे, आणि माझ्या मते तेच शहाणपण. ऋषभदेव म्हणजे बाहुबलीचे वडील. वडील बागलाणात, मुलगा बेळगोळला.

अजून एक, मुंबईकरांसाठी. घारापुरीला बंदराजवळ एक दगडी हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला उचलला आणि तुकडे झाले. तेच तुकडे जोडून १९१४ मध्ये तो राणीच्या बागेत उभा केला, आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लाखो लोक शेजारून जातात. एकदा थांबून त्याच्या अंगावरचे सांधे बघा.

कामाकुराहून

मी गेली अकरा वर्षं योकोहामाला असते. कामाकुराचा दाईबुत्सू इथून तासाभरावर, घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन जातेच. ११.३ मीटरचा बसलेला बुद्ध, कांस्याचा, काम १२५२ साली सुरू झालं.

दगडाची उंची वरून खाली येते, धातूची खालून वर जाते. एवढी मूर्ती एका ओतात होत नाही. आधी खालची पट्टी ओतायची, तिच्याभोवती मातीचा भराव घालायचा, त्यावर उभं राहून पुढची पट्टी ओतायची. बाहेरून हे फारसं कळत नाही. पण आत जाता येतं! थोडे येन देऊन बाजूच्या छोट्या दारातून शिरायचं. आत अंधार, उन्हाळ्यात भट्टीसारखी धग, आणि डोळे सरावले की भिंतीवर चौकोनांची जाळी दिसते. तेच ओतकामाचे सांधे. एका पट्टीची कड दुसरीत अडकवलेली, काही ठिकाणी अगदी कुलपासारखी. वर बघितलं की मानेची पोकळी. मान कमजोर वाटली म्हणून १९६० च्या सुमारास आतून प्लास्टिक-फायबरचा थर देऊन मजबूत केली, तोही दिसतो. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. बाहेरून जो शांत बसलेला दिसतो त्याच्या आत एवढी खटपट आहे.

पूर्वी त्याच्यावर लाकडी मंडप होता. वादळांनी पाडला, पुन्हा बांधला, शेवटी पंधराव्या शतकात लाटेने नेला असं सांगतात. तेव्हापासून बुद्ध उघड्यावर बसलाय. मला तर तो तसाच बरा वाटतो, मागे डोंगर आणि वर घारी.

सांधेजोड

मी संरचना अभियंता, पोलादी कामातला. दगड झाला, ओतीव झाला, आता तिसरा प्रकार, ज्यात आजचे बहुतेक उंच पुतळे येतात. आत सांगाडा, बाहेर कातडी.

याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, १८८६. शिल्पकार बार्तोल्दी, सांगाडा आयफेलचा. बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड, साच्यावर ठोकून आकार दिलेला. म्हणजे देवतेची त्वचा जेमतेम दोन नाण्यांएवढी! वारा पत्र्यावर येतो, पत्रा लोखंडी पट्ट्यांवर टाकतो, पट्ट्या मधल्या मनोऱ्यावर.

दुखणं तिथेच झालं. तांबं आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. आयफेलला हे माहीत होतं, त्याने मध्ये विलग करणारा थर दिला होता, पण काही दशकांत तो निकामी झाला. गंजून फुगलेल्या पट्ट्यांनी पत्र्यातले रिव्हेट उपटले. शेवटी १९८४ ते ८६ मध्ये जवळजवळ सगळ्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या.

आपल्या नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा, १८२ मीटर, २०१८, त्याच वाटेवरचा पण मोठ्या मापाचा. आत काँक्रीटचे दोन गाभे, त्यावर पोलादी चौकट, त्यावर कांस्याचे पत्रे. शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. १९५० च्या दशकात ते अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीवर होते. फुटलेल्या मूर्तींच्या अंगाशी ज्याने वर्षं काढली, त्याच्या पुतळ्यांत कापडाची चुणी कुठून येते ते मला तिथे उमगलं.

मालवणात राजकोट किल्ल्यावर जे झालं ते इथे सगळ्यांच्या मनात असणार. ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला वाऱ्यात कोसळला. त्या दिवशी मी जेवलो नाही. दोष कोणाचा हे ठरवणं माझं काम नाही. पण समुद्रकाठी पुतळा उभा करायचा तर घोट्यातले बोल्ट, वेल्ड आणि त्यांची दर महिन्याची पाहणी हे चेहऱ्याइतकंच शिल्प आहे, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगतो.

देशावरचा

दगडाचं उत्तर पटलं. पण सांधेजोड, या उंचीच्या शर्यतीचं काय? दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी आधीपेक्षा उंच जाहीर करतं. मला बेळगोळच्या ५७ फुटांपुढे ते सगळे लहान वाटतात.

सांधेजोड

मला तसं वाटत नाही. चावुण्डरायानेही आपल्या काळात कोणी पाहिलं नव्हतं एवढं मोठं करवलं. नंतर कारकळला १४३२ मध्ये ४२ फुटांचा बाहुबली झाला, वेणूरला १६०४ मध्ये ३५ फुटांचा. तेव्हाही मोठेपणा मिरवायचा होताच. माझा आक्षेप उंचीला नाही, घाईला आहे. उद्घाटनाची तारीख आधी आणि मापं नंतर, हे झालं की काम बिघडतं.

टाकीचा_घाव

सांधेजोड यांच्याशी पूर्ण सहमत. आजोबा गिऱ्हाइकाला दिवस सांगायचेच नाहीत. "दगड सांगेल" एवढंच. गिऱ्हाईक चिडायचं, पण नंदी बघितल्यावर गप्प व्हायचं.

वारणाकाठ

मिरजमळा ताई, पुढचा महामस्तकाभिषेक २०३० ला. आईंना आत्तापासून सांगून ठेवा. आमच्याबरोबर चला, कोल्हापूरहून गाडी निघते. आधी कुंभोज करू, येताना बेलूर.

मिरजमळा

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री आईला वाचून दाखवले. पाथरवट आजोबांपाशी ती थांबली. "भाते" हा शब्द मला पुन्हा वाचायला लावला. आमच्या घरी पाट्याला टाकी लावायला एक बाई यायची, तिचा नवरा आमच्या दारातच कोळसे पेटवून टाक्या शेवटायचा, हे तिला आठवलं. पाटा अजून आहे, माळ्यावर. आज सकाळी तो खाली काढला. टाकीचे घाव मधोमध झिजलेत, कडेला अजून स्पष्ट आहेत, तिरके, एकाआड एक. आई ते बोटाने मोजत होती.

वारणाकाठ, २०३० चं तिने हो म्हटलंय. डोली नको म्हणाली.